हाकेचा दगड

कचेरीच्या आवारातील निंबाला मोहोर आला आहे. सकाळी ओट्यावर पेटी मांडून बसलो, की घटकाभरात कोऱ्या कागदावर बारीक पांढऱ्या फुलांचा सडा पडतो. फुंकर मारून तो उडवावा लागतो. तरी एखादे फूल ओल्या शाईला चिकटतेच, आणि 'मेहेरबान' या शब्दावर बसून थेट साहेबांच्या टेबलापर्यंत जाते. इतर अर्ज लिहिणारे या दिवसांत आपली बैठक भिंतीकडेला हलवतात. मी हलवत नाही. या कडवट-गोड वासात माझा एक उन्हाळा अडकून राहिलेला आहे. त्याची भेट घ्यायची, तर निंबाखालीच बसावे लागते.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. त्या सालाविषयी पुष्कळांनी पुष्कळ सांगितले आहे. आटलेल्या विहिरी, छावणीतली जनावरे, खडी फोडणारी माणसे हे सर्व मीही पाहिले, आणि त्यासंबंधी जेवढे अर्ज लिहिले तेवढे या तालुक्यात क्वचितच कोणी लिहिले असतील. परंतु मोहोराचा वास आला, की मला त्यांतले काहीच आठवत नाही. मला आठवते एक घर, आणि त्या घरासमोर उभी राहिलेली, आत न जाणारी माणसे.

सुप्याच्या अलीकडे नगर-पुणे रस्ता सोडून डोंगराच्या अंगाने आत गेले, की उघड्या माळावर एकाएकी झाडी लागते. निंब, हिवर, बाभळी, मधूनच एखादी म्हातारी चिंच. चहूकडे उन्हाने तडकलेला खडक, आणि मध्ये ही एवढी सावली. लोक तिला नुसते 'बन' म्हणतात. बन सरकारी आहे. पण सरकारने ते लावलेले नाही, आणि कोणी लावले हे सांगणारे माणूस आता उरलेले नाही. बनाच्या पोटात एक धाब्याचे दगडी घर आहे. त्याचे दगड घडीव, कोपरे सरळ, पुढे ऐसपैस ओसरी, आणि मागे ओढ्याकडे उघडणारे एक लहान दार. ओसरीच्या भिंतीत एक लोखंडी कडे आहे. कधीकाळी तिथे घोडा बांधला जात असे म्हणतात. घोडा कोणाचा, ते ठाऊक नाही. आतल्या कोनाड्यात नखाने कोरावा तसा एक क्रूस आहे. तो येशूच्या मास्तरांचा. ते बनात राहून आसपासच्या वाड्यांवरची पोरे शिकवीत; पुढे वारले, आणि त्यांची माणसे नगरला गेली. चुलीच्या वरच्या भिंतीवर गेरूच्या हाताचा एक ठसा आहे. हात लहान आहे, नव्या सुनेचा असावा. ती सून मास्तरांच्याही आधीची. घर सारवणारी प्रत्येक बाई त्या हाताच्या कडेकडेने सारवीत आली. भिंतीवर थरावर थर चढले आणि तो हात खोल गेला. आता तो भिंतीच्या आतून कोणी टेकवलेला वाटतो.

या घराला एक रीत आहे. पायवाट जिथे घराकडे वळते तिथे कमरेइतका उंच एक दगड उभा आहे. त्याला 'हाकेचा दगड' म्हणतात. घराकडे येणाऱ्याने तिथे थांबायचे आणि हाक मारायची, "येऊ का?" आतल्या माणसाने म्हणायचे, "या." मग येणाऱ्याने "आलो" म्हणायचे आणि पाऊल उचलायचे. पाटील आला तरी हेच, भिकारी आला तरी हेच. घरातला कर्ता पुरुष पाण्याला जाऊन परत आला तरी हेच. आत माणूस असेल तर 'या' त्यानेच म्हणायचे. आत कोणी नसेल तर येणाऱ्याने श्वासभर थांबायचे आणि मग मागच्यांच्या वतीने आपणच हलक्या आवाजात म्हणायचे, "या." मागचे म्हणजे जे या घरात राहून गेले ते: घोडेवाला, गेरूच्या हाताची सून, मास्तर आणि त्यांच्याही आधीचे. ते घरातच असतात, आणि एकाएकी कोणी आत शिरले तर दचकतात, असा समज आहे.

दुष्काळी कामे निघाली तेव्हा या बनाच्या खालच्या अंगाला पाझर तलावाचा बांध सुरू झाला. गावोगावची माणसे तिथे आली. जिथे माणसे आली तिथे तक्रारी आल्या: हजेरीत नाव नाही, मोजमाप चुकले, मजुरांना खायला वाटायची सुकडी मिळाली नाही. हे सर्व लोक तालुक्याला चालत येऊन आपला दिवस बुडवणार, त्यापेक्षा आपणच तिथे जावे असा विचार मी केला. माझे शिक्षण मराठी सातवीच्या अलीकडे थांबले हे खरे. परंतु माझ्या हातचा अर्ज साहेब लोक शेवटपर्यंत वाचतात, हे मला जबाबदारीने सांगता येते. पेटी सायकलला बांधली आणि गेलो. सावली शोधीत शोधीत हाकेच्या दगडापाशी पोचलो, आणि रीत ठाऊक नसल्यामुळे सरळ पुढे निघालो.

"थांब रं बाबा." आतून बाईचा आवाज आला. "सावली न्हाई पळून जात. तितं हुबा राहून इचार आधी."

मी मागे फिरलो, दगडाशी उभा राहिलो आणि विचारले. "या," असे उत्तर आले. या घराशी माझी ओळख झाली ती अशी.

त्या बाईंचे नाव हौसाबाई. वय झालेले, अंग वाळलेल्या हिवराच्या फांदीसारखे, आणि डोळ्यांत सदा काहीतरी ऐकत असल्याचा भाव. मास्तरांनंतर त्यांचे सासरे बनाचे राखणदार म्हणून इथे आले होते. सासरे गेले, नवरा गेला. एक मुलगा होता, किसन. तो बांधावरच्या टोळीत कामाला होता. मी त्यांना मावशी म्हणू लागलो. त्या मला दादा म्हणू लागल्या. त्यांनी ओसरीचा एक कोपरा मला दिला. मी कडे असलेल्या भिंतीला पाठ टेकून अर्ज लिहीत असे, आणि वरून निंबाची फुले कागदावर पडत असत. बाहेर सगळा मुलूख करपून गेला होता; निंब मात्र त्याही वर्षी मोहोरले होते. पाणी त्यांना कोण देत होते, देव जाणे. मावशी म्हणत, "खालनं देत्यात." कोण देतात, ते मी विचारले नाही.

त्या ओसरीवर बसल्यावर एक चमत्कारिक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मावशी घरात एकट्या असत. पण एकट्या असल्यासारख्या वागत नसत. भाकरी थापताना मध्येच थोड्या बाजूला सरकत, जणू कोणाला वाट द्यायची आहे. पाण्याचा तांब्या भरून ठेवीत तो नेहमी दोन जागी. मी हसलो, तर म्हणाल्या, "आमचा सासरा आला तवा मास्तरची चूल गरमच हुती, दादा. त्याच्यावरच आमच्या सासूनं पयली भाकर टाकली. आता मास्तर आला तर त्येला काय, तू कोन म्हनून इचारू?"

वैशाखाच्या तोंडाशी बांधाची उंची पुरी होत आली. आता त्याच्या पाण्याकडच्या अंगाला दगड बसवायचे होते. त्याला पिचिंग म्हणतात. पावसाआधी पिचिंग झाले नाही, तर पहिल्याच लोंढ्यात माती वाहून जाते आणि अख्ख्या उन्हाळ्याची मेहनत ओढ्याला मिळते. ओव्हरसियर साहेब तरुण होते, पुण्याकडचे. माणूस वाईट नव्हता. त्यांनी हिशेब केला, की डोंगरातल्या खाणीतून दगड आणायचा तर वेळ जाणार. इथे बनातल्या घराचा घडीव दगड हाताशी आहे. घर सरकारी जागेवर आहे आणि त्यात एकच म्हातारी राहते. तिला गावात खोली देता येईल. एके दिवशी त्यांनी माणूस पाठवून घराच्या भिंतींवर चुन्याच्या खुणा करविल्या. त्या वेळी मावशी पाण्याला गेल्या होत्या, आणि मीही बांधावर होतो. परत आल्या, दगडाशी थांबल्या. मी त्यांच्या आधी पोचलो होतो. मी आतून "या" म्हटले. त्या आल्या, आणि भिंतीवरच्या पांढऱ्या फुल्या एकेक करून पाहत घरभर फिरल्या.

मी लगेच कागद काढला. असे प्रकरण माझ्यासारख्याच्या हाती वारंवार येत नाही. सदरहू घरात अर्जदाराची पिढ्यानपिढ्यांची वहिवाट असून ते तिच्या मालकीचे आहे, असा मजबूत पाया मी घातला आणि त्यावर चांगला दोन पानी अर्ज उभा केला. वाचून दाखविला.

"मालकीचं म्हंजी?" मावशींनी विचारले.

"म्हणजे तुमचे."

"माझं कुटनं आलं?"

"मावशी, तुमचे नाही म्हटले, तर अर्ज कोणत्या अधिकाराने करणार?"

"माझं म्हनू नगा, दादा. घोडंवाला आसाच म्हनला हुता म्हनं, माझं हाय. मग त्येचा वंश हाय का कुटं?" त्यांनी अंगठा पदराखाली घेतला. "तुमी आसं लिवा, घर राहू द्या. आमी ऱ्हायलो न्हाई तरी चालंल."

"असा अर्ज होत नाही. अर्जदार कोणीतरी लागतो."

"मग लिवा की. अर्जदार, घर."

"घराची सही कोण करणार?"

"तुमी करा त्येच्या वतीनं. जगाच्या करता की."

 मी अनेकांच्या तर्फे लिहिले आहे: आजाऱ्यांच्या, परगावी असलेल्यांच्या, अंगठाही न उठणाऱ्यांच्या. परंतु दगडमातीच्या तर्फे कागद करण्याची सोय कायद्यात नाही. तो अर्ज दोन दिवस पेटीत पडून राहिला. तिसऱ्या दिवशी टोळी आली.

सकाळची वेळ होती. ऊन अजून झाडांच्या शेंड्यांवर होते. मी खालच्या ओढ्यातल्या झऱ्यावरून तांब्या भरून येत होतो. पाहतो तो हाकेच्या दगडापाशी पंधरा-वीस माणसे उभी. हातात पहारी, घमेली. पुढे मुकादम भागूजी. तो वयस्कर गडी होता आणि त्याच्या जिभेला हाड नव्हते. त्याच्याजवळ किसन. मागे ओव्हरसियर साहेब डोक्याला रुमाल बांधून उभे होते. दार उघडे होते. आत उंबऱ्याच्या पलीकडे मावशी सुपात हुलगे निवडीत बसलेल्या दिसत होत्या.

भागूजीने घसा साफ केला. "हौसाबाय, येऊ का?"

मावशींनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"आगं, येऊ का?"

दुसरा खडा.

"काय झालं?" साहेबांनी मागून विचारले. "चला ना पुढे."

"बाई बोलली न्हाई, साहेब."

"अरे, समोर बसली आहे ती."

"दिसती की. पन 'या' म्हनली न्हाई."

"नाही म्हणाली तर नाही म्हणू दे. सरकारी काम आहे."

भागूजीने डोक्यावरची टोपी मागे सारली. "साहेब, तुमी बी सासुरवाडीला कुनी 'या' म्हनल्याबिगर उंबरा वलांडत नसाल. आनि हितं तर निस्ती सासू न्हाई, सासूच्या मागं लई मानसं बसल्यात."

माणसे हसली, पण पाऊल कोणी उचलले नाही. त्या हशात थोडी भीती होती. मी पुढे होऊन साहेबांना या रिवाजाचा अर्थ शांतपणे समजावून सांगितला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि रागाने नव्हे, उलट समजुतीने ते स्वतःच निघाले. दगड ओलांडून ओसरीच्या पायरीशी गेले. तिथे मात्र त्यांचा पाय अडला. चपला काढाव्यात की नाही, हे त्यांना ठरवता येईना. शेवटी चांगल्या घरातला माणूस, तोंडातून सहज निघून गेले, "बाई, आत येऊ का?"

मावशींनी एकवार त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेत वैर नव्हते. मग त्या पुन्हा हुलगे निवडू लागल्या.

"झालं, साहेब," दगडापासून भागूजी म्हणाला. "तुमी इचारलं. आता तुमाला बी थांबायला लागतंय."

साहेब परत आले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. पावसाचे दिवस मोजणाऱ्या माणसाची ती चीड होती, हे मी आज समजू शकतो. त्यांचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. तलाव ज्यांच्यासाठी होता ती माणसेही तहानलेलीच होती. त्यांनी किसनकडे पाहिले. "तुझे घर ना हे? तुझी आई ना ती? मग तू हाक मार. तुला कशी 'ये' म्हणत नाही पाहू."

किसन पुढे झाला. त्याने पहार दगडाला टेकवली. तो नेहमी संध्याकाळी काम सुटल्यावर याच जागेवरून हाक मारीत असे, आणि हाक संपायच्या आत आतून उत्तर येत असे. मी ते रोज ओसरीवर बसून ऐकले होते.

"आये," तो म्हणाला. "येऊ का?"

सुपातला हात थांबला. मोहोर तेवढा झडत होता. मला मावशींचा चेहरा दिसत होता. त्यांचे ओठ हलले, त्यांवर तो शब्द आला, आणि त्यांनी तो गिळला. 'ये' म्हणावे तर मुलाच्या पाठोपाठ टोळी आत येणार, हे त्यांना कळत होते. किसनलाही कळत असले पाहिजे. पण कळणे वेगळे, आणि आपल्या हाकेला आईचे उत्तर न येणे वेगळे.

त्याने पुन्हा हाक मारली नाही. पहार उचलली आणि मागे न पाहता बांधाकडे निघून गेला. त्याच्यामागे एकेक करीत सगळे गेले. त्या दिवसाचे मोजमाप बुडाले, आणि त्याबरोबर मजुरीही. त्याबद्दल कोणी तक्रार मात्र माझ्याकडून लिहून घेतली नाही.

साहेबांनी नंतरही काही दिवस टोळी पाठवून पाहिली. टोळी येई, हाक मारी, थांबे, परत जाई. अखेर त्यांनी नाद सोडला आणि दगड डोंगराच्या खाणीतून येऊ लागला. बायकांना चढ-उतार वाढला. डोक्यावर पाटी घेऊन बनाखालून जाताना त्या मुद्दाम मोठ्याने बोलत.

"म्हातारीनं त्वांड उघडलं न्हाई, आन आमच्या माना मोडल्या."

"तिला काय, तिच्या घरात मेलेली मानसं पानी भरत्यात."

"मग त्येंलाच लावा की पिचिंगला."

असे म्हणून त्या हसत. पण त्यांतल्या एकीनेही कधी त्या घराचा दगड मागितला नाही.

मावशींनी दिवसा 'या' म्हणणे सोडले, कारण कोणाच्या हाकेमागे टोळी उभी असेल, याचा भरवसा नव्हता. मीही त्यातून सुटलो नाही. ओढ्यावरून आलो, हाक मारली, उत्तर आले नाही. मी हसून पुन्हा विचारले, तरी नाही. तेव्हा मी समजलो. माझी पेटी त्यांनी पायरीवर आणून ठेवलेली होती, वर पाण्याचा तांब्या. मी ती उचलून दगडाजवळच्या निंबाखाली मांडली आणि उरलेला उन्हाळा तिथून लिहिले. घर माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होते, आणि मी त्याच्या बाहेर होतो. सारवलेल्या जमिनीचा वास यायचा, आतून कोणी कोणाशी बोलल्यासारखे पुसट आवाज यायचे. मावशी एकट्याच बोलत होत्या की काय, हे मी आजवर ठरवू शकलेलो नाही.

संध्याकाळी काम सुटले, बांधावरची माणसे पांगली, की मावशी उंबऱ्यात येऊन बसत. तोंड दगडाकडे. किसन त्या दिवसापासून टोळीबरोबर बांधावरच्या पालात राहू लागला होता. अंधार पडण्याआधी तो येई, आपल्या वाटणीची थोडी सुकडी फडक्यात बांधून हाकेच्या दगडावर ठेवी आणि हाक न मारता निघून जाई.

"दादा," मावशी मला विचारीत, "हाक आली का रं? मला आताशा कमी ऐकू येतंय."

त्यांना उत्तम ऐकू येत होते. मी म्हणे, "नाही आली, मावशी."

"यील," त्या म्हणत. "दमत्यात पोरं."

एकदा मी किसनला गाठले. म्हटले, "आता टोळी नाही, साहेब नाही. एक हाक मार. ती रोज वाट पाहते."

त्याने फडक्याची गाठ पुन्हा बांधली. "मारली हुती की एकदा."

"त्या दिवसाची गोष्ट वेगळी होती."

"व्हय. मी वेगळा न्हवतो." एवढे बोलून तो गेला.

मी जन्मभर दुसऱ्यांची गाऱ्हाणी शब्दांत बसवीत आलो. पण या दोघांमध्ये जो एक अक्षराचा शब्द हवा होता, तो मला कोणत्याच कागदावर मांडता येईना. दगडाच्या अलीकडे मुलगा, पलीकडे आई. मध्ये निंबाचा मोहोर गळतो आहे आणि दोघेही एकमेकांची हाक ऐकायला थांबलेले आहेत. त्या काळात मला कधीकधी वाटे, की घर हे सगळे पाहते आहे आणि त्याला याची सवय आहे. घोडेवाल्याच्या दारातही कोणी असेच उभे राहिले असेल. गेरूच्या हाताच्या सुनेनेही माहेरच्या हाकेची अशीच वाट पाहिली असेल.

पाऊस आला, कामे बंद झाली, माणसे पांगली. बांध टिकला. डोंगरातल्या दगडानेही टिकला. किसन श्रीगोंद्याकडे साखर कारखान्यावर कामाला गेला. मी पेटी सायकलला बांधली आणि दगडापाशी उभा राहून मुद्दाम हाक मारली. तेव्हा आतून ताबडतोब "या" आले. आत जाऊन मी चहा घेतला. भिंतीवरच्या चुन्याच्या फुल्या मावशींनी सारवून टाकल्या होत्या. एक मात्र ठेवली होती, चुलीजवळची, गेरूच्या हाताशेजारी.

"ही का ठेवली?"

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "ज्यानं वढली त्यो बी येऊन गेला म्हनायचा."

त्याच थंडीत त्या वारल्या. सकाळी दूध घालायला आलेल्या बाईच्या हाकेला उत्तर आले नाही, तेव्हा कळले. मला निरोप मिळाला तसा मी गेलो. किसनही दुपारपर्यंत पोचला. माणसे दगडाशी जमली होती. आत मावशी होत्या, आणि नव्हत्या. प्रश्न असा पडला, की घर भरलेले समजायचे की रिकामे. भरलेले असेल तर 'या' त्यांनीच म्हणायला हवे. रिकामे असेल तर मुलाने म्हणायचे, त्यांच्या वतीने.

किसनने हाक मारली. कितीतरी दिवसांनी मारली. "आये, येऊ का?"

सगळे थांबले. मीही, माझे वय आणि व्यवसाय विसरून, खरोखर उत्तराची वाट पाहिली.

"किसना," भागूजी हळूच म्हणाला. त्याच्या बोलण्यात त्या दिवशी थट्टा नव्हती. "आता ती मागच्यांत गेली. तूच म्हन, 'ये'. म्हन आन चल."

किसनचे ओठ हलले. उन्हाळ्यात त्याच्या आईचे हलले होते, अगदी तसेच. शब्द काही आला नाही. त्याने मान हलविली आणि दगडाला धरून खाली बसला. शेवटी भागूजीने "या" म्हटले, चौघे आत गेले आणि मावशींना बाहेर घेऊन आले. मुलाने खांदा दिला तो दगडापासून पुढे. घरात त्याने पाऊल ठेवले नाही. तेरावा होताच तो श्रीगोंद्याला परत गेला.

त्यानंतर ते घर कोणाचेच नाही. तरी ते मोडत नाही, याचे मला आश्चर्य वाटते. पावसाळ्यात रानातली माणसे आडोशाला जातात, मेंढरांबरोबर धनगर चार दिवस राहतात, आणि जाताना कोणीतरी ओसरी सारवून जाते. तलावाचे पाणी खालून पाझरते म्हणून बन पूर्वीपेक्षा दाट झाले आहे. ज्या तलावासाठी घर मोडायचे होते, तोच आता त्या घराच्या झाडांना पाणी देतो. मावशींच्या भाषेत, खालनं देत्यात.

परवा सुप्याकडे एका पक्षकाराच्या कामाला गेलो होतो. परतताना बनातून मोहोराचा वास आला आणि सायकल आपोआप वळली. दगडाशी थांबलो, हाक मारली, श्वासभर थांबून मीच "या" म्हटले, "आलो" म्हटले आणि आत गेलो. ऊन कलले होते. घरात राखेचा आणि थंड मातीचा वास होता. कोनाड्यातला क्रूस, भिंतीतला हात, त्याच्याशेजारी चुन्याची फुली. मी चुलीजवळ भिंतीला टेकून बसलो. दमलो होतो, डोळा लागला असावा.

जाग आली ती पावलांनी. पावले दगडापाशी थांबली. दाराच्या फटीतून मी पाहिले. किसन होता. अंगाने भरला होता, कानशिलावर पांढरे आले होते. खांद्याला पिशवी. त्याने दगडावर हात ठेवला. माझी सायकल ओसरीच्या आडोशाला होती. ती त्याला दिसण्याचे कारण नव्हते. त्याच्या दृष्टीने घर रिकामे होते.

"आये," तो म्हणाला. आवाज अगदी लहान होता. "येऊ का?"

आता श्वासभर थांबून त्यानेच म्हणायचे होते. तो थांबला. एक श्वास गेला, दुसरा गेला. मला दिसत होते, की याही वेळी ते त्याच्याच्याने होणार नाही. त्याचा हात दगडावरून निसटला आणि तो पाठ फिरवू लागला.

मी आतला माणूस होतो. आत माणूस असेल तर त्यानेच म्हणायचे, अशी रीत आहे. परंतु त्याने हाक मला मारलेली नव्हती. मी 'या' म्हटले असते तर तो दचकला असता, ओसरीवर आला असता, आणि आम्ही कारखान्याच्या आणि पावसाच्या गोष्टी बोलत बसलो असतो. एका उन्हाळ्यात मला या घराच्या तर्फे सही करायला सांगितले होते आणि मी कायदा पाहत बसलो होतो. मी भिंतीला हात टेकला. तळव्याखाली गेरूचा तो खोल गेलेला हात लागला. घशातला सगळा आवाज काढून टाकून, नुसत्या श्वासाने, मी म्हटले,

"ये."

बाहेर मोहोर गळत होता. पाठमोरा किसन जागच्या जागी थांबला. त्याने वळून पाहिले नाही. मग सावकाश पिशवी खांद्यावरून उतरवून हातात घेतली आणि चपला काढल्या, दगडापाशीच.

मी मागच्या दाराने बाहेर पडलो. ओढ्याच्या उतारावर पोचेपर्यंत मागे पाहिले नाही. सायकल दुसऱ्या दिवशी माणूस पाठवून आणविली. त्या संध्याकाळी उतारावर झाडांआड उभा असताना, पुष्कळ वेळाने, आतून किसनचा आवाज आला.

"आलो."

आणि त्यानंतर, मी शपथेवर सांगेन, चुलीजवळ कोणीतरी त्याला वाट देण्यासाठी थोडे बाजूला सरकल्याचा आवाज झाला.